वर्षभर नुसतं बघायचं

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
२१ एप्रिल २०२४

श्रीमती तनुजाबाई यांस,

सप्रेम नमस्कार. मेळावा संपून आठवडा झाला. करमाडच्या माझ्या वावरात आता मंडपाच्या बांबूंची भोकं तेवढी उरली आहेत आणि त्यांत मुंगळ्यांनी संसार मांडले आहेत. म्हणजे आपल्या चळवळीनं निदान कुणाचं तरी पुनर्वसन केलं.

पहिल्या मेळाव्याला आपण सगळे मिळून एका सतरंजीवर मावलो होतो. परवा मंडप होता, ध्वनिक्षेपक होता, देशी बियाण्यांची दुकानं होती आणि छातीवर ‘पर्माकल्चर’ छापलेले टी-शर्टही होते. कायम टिकणाऱ्या शेतीच्या त्या विलायती नावाला मी सुचवलेला ‘चिरंतनकृषिविद्या’ हा पर्याय सभेनं एकमतानं फेटाळला. रोशन गेटच्या गजालाबाई, ज्यांच्या गच्चीवर माझ्या वावरापेक्षा जास्त भाजी पिकते, म्हणाल्या, “सर, लफ्ज उम्दा आहे, पण तो बोलून होईस्तोवर मेथी जून होती.”

आता मुद्दा. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही कढई घासत होता आणि मी राख पुढं करत होतो. तेव्हा मी जे विचारलं ते फार शोभिवंत शब्दांत विचारलं नाही, हे मला मान्य आहे. संस्कृतच्या प्राध्यापकाकडून लोक याहून बरी अपेक्षा ठेवतात. पण अर्थ स्पष्ट होता. माझी पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली, तुमचे यजमान जाऊन बारा. आपण लग्न करावं आणि तुम्ही करमाडला राहायला यावं.

तुम्ही कढईतून मान वर न काढता विचारलंत, “सर, नव्या जमिनीचा नियम काय?”

मी पाठ म्हटलं, “पहिलं वर्ष हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. पाणी कुठून येतं, कुठं जातं, वारा कुठला, सावली किती.”

“मग तोच नियम. वर्षभर वावराला हात लावू नका, आणि मला उत्तर मागू नका. भेट नाही, फोन नाही. काय दिसतं ते पत्रानं कळवा.”

सात वर्षांपासून मेळाव्यात तुम्ही हा नियम शिकवता. त्याचा असा विनियोग होईल हे अभ्यासक्रमात कुठं नव्हतं. तर कळवतो: वावर आहे. बाभूळ आहे. मी आहे. वारा पश्चिमेचा.

आपला,
अभय कस्तुरे

⁂

गंगाखेडजवळ
६ मे २०२४

कस्तुरे सर,

नमस्कार. पत्र मिळालं. ‘वारा पश्चिमेचा’ एवढंच कामाचं होतं, बाकी शोभा.

खुर्ची न्या आणि वावरात बसा. एकाच जागी बसू नका. शेंद्र्याच्या कंपन्यांकडून वारा येतो तेव्हा धूळ कुठं साठते ते बघा. पाऊस झाला की पाणी कुठल्या कोपऱ्यातून नाल्याला पळतं ते बघा. झाड लावायचं नाही, खोदायचं नाही. तुमच्यासारख्या माणसाला बोलायचं थांबवणं जेवढं अवघड, तेवढंच हे अवघड जाईल.

फोन का नको म्हणाल, तर फोनवर माणूस उत्तर द्यायच्या घाईत असतो.

पत्रं याच पत्त्यावर टाका. मी फिरतीवर असले तरी घरी सासूबाई असतात, त्या ठेवून घेतात.

तनुजा

⁂

पडेगाव
२८ जुलै २०२४

तनुजाबाई,

खुर्ची नेली. त्यामुळं करमाडमध्ये माझी जी काय अब्रू होती ती गेली. शेजारचे काकासाहेब रोज बांधावर येऊन उभे राहतात.

“मास्तर, कुनी पाहुनं यायचंय का?”

“नाही. वावर बघतोय.”

“वावर काय पळून चाललंय व्हय?” मग म्हणाले, “तुमच्या परीस आमचं बुजगावणं बरं. निदान पाखरं तरी उठवतंय.”

पाण्याचं निरीक्षण: पडलेलं पाणी आग्नेयेच्या कोपऱ्यातून सरळ नाल्यात जातं. तासाभरात पूर्वेची बाजू कोरडी. माझ्या वर्गातून विद्यार्थी जातात तितक्याच उत्साहानं.

या महिन्याचा मेळावा पाळीनं माझ्याकडं होता. तुम्ही आला नाहीत. नियम माहीत होता, तरी मी भाकऱ्या थापणाऱ्या बायांमध्ये तीनदा डोकावून आलो, आणि शेवटी मलाच पीठ मळायला बसवलं. वाळूजहून शिवराज रात्रपाळी संपवून कंपनीच्या बसनं थेट आला आणि भाषण चालू असताना उभ्या उभ्या झोपला. जालना, बीड, वैजापूर, कुठून कुठून माणसं आली होती. सगळीकडं आता मेळावे होतात आणि सगळ्यांना तुम्हीच हव्या असणार. पूर्वी चळवळ लहान होती तेव्हा दर महिन्याला तुम्ही दिसायचात. ती वाढावी म्हणून मीच पत्रकं वाटली. आता भोगतो आहे.

काय काय झालं म्हणाल, तर भाषणं झाली, जेवणं झाली.

अठ्ठावीस वर्षं मी मुलांना सांगतो की संस्कृतात एक आणि अनेक यांच्यामध्ये दोघांसाठी वेगळं वचन आहे. मराठीत ती सोय नाही. माणूस एकटा असतो नाहीतर एकदम घोळक्यात. परवा वावरात घोळका होता. संध्याकाळी सगळे गेले आणि खुर्ची राहिली. मला मधलं वचन हवं होतं.

अभय

⁂

गंगाखेडजवळ
१५ सप्टेंबर २०२४

सर,

उशीर झाला. फिरणं चालूच आहे. परवा नांदेडकडं, त्याआधी धाराशिव. लोक विचारतात, तुमच्या करमाडच्या वावराचं काय चाललंय; मी सांगते, बघणं चाललंय.

तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. त्यावर आत्ता लिहीत नाही.

दिवाळीपर्यंत ओल कुठं टिकते ते कळवा. जिथं सगळ्यात शेवटी गवत वाळतं तिथं पुढं घर बांधायचं नसतं, झाडं लावायची असतात. घर उंचावर. मी हे सगळ्यांनाच सांगते, तुम्ही जास्त अर्थ काढू नका.

काकासाहेबांना माझा नमस्कार सांगा. बुजगावण्याशी तुलना करायची नव्हती. बुजगावणं सांगितलेल्या जागी तरी उभं राहतं.

तनुजा

⁂

करमाडहून
१० नोव्हेंबर २०२४

तनुजाबाई,

जास्त अर्थ काढायला मला पगार मिळतो. तुमचं पत्र म्हणजे सूत्र. शब्द पाच, भाष्य पाचशे पानं. ‘पुढं घर’ यावर मी दिवाळीची सुट्टी घालवली.

निरीक्षण असं. दिवाळी सरली तरी पूर्वेकडची बाजू हिरवीगार आहे. टिटव्यांचं जोडपं तिथं रोज येतं आणि मला बघून आरडाओरडा करतं. माती मुठीत धरली तर लाडू होतो. काकासाहेबसुद्धा परवा बांध ओलांडून आले, मातीत बोट घातलं आणि काही न बोलता गेले. ते बोलले नाहीत याहून मोठं प्रशस्तिपत्र या पंचक्रोशीत नाही.

हे शेवग्याच्या सावलीत बसून लिहितो आहे. ऊन कोवळं आहे. शेंद्र्याचा भोंगा झाला, पाळी सुटली, जालना रोडवर फटफट्यांची रांग लागली आहे. या वेळी कुणी चहा विचारावा असं वाटतं. विचारणारं कुणी नसलं की चहा करायलाही उठवत नाही. हे निरीक्षण वावराबद्दलचं नाही, पण तुम्ही ‘काय दिसतं ते’ कळवा म्हणाला होतात.

अभय

⁂

गंगाखेडजवळ
२ डिसेंबर २०२४

सर,

जुलैत तुम्ही लिहिलंत, तासाभरात पूर्वेची बाजू कोरडी. नोव्हेंबरात लिहिता, त्याच बाजूच्या मातीचा लाडू होतो. चार महिन्यांत वावर आपला उतार बदलत नाही.

आणि कुठला शेवगा? त्या वावरात मी चार वर्षं येते. एका बाभळीशिवाय तिथं सावली देणारं काही नव्हतं.

तुम्ही समतल चर खोदलात. पाणी अडवलंत. झाडं लावलीत. बहुतेक त्या जुलैच्या मेळाव्यातच, जिथं ‘भाषणं झाली, जेवणं झाली’.

चर चांगला निघालेला दिसतो, नाहीतर ओल टिकली नसती. त्याबद्दल शिवराजला शाबासकी द्या, कारण तुम्हाला उतार काढता येत नाही. पण मी एकच गोष्ट मागितली होती. थांबा म्हटलं होतं. ते न करता वर मला टिटव्यांच्या गोष्टी लिहीत बसलात.

तुम्हाला माझं उत्तर हवंय की तुमच्या मनातलं उत्तर माझ्या हातून लिहून घ्यायचंय?

तनुजा

⁂

पडेगाव
२० डिसेंबर २०२४

तनुजाबाई,

आरोप मान्य.

सत्तर माणसं कुदळी-फावडी घेऊन सकाळी सातला वावरात उभी होती. रात्रभर जागून आलेल्या शिवराजच्या खांद्यावर, बांबूचे तीन तुकडे बांधून केलेली उतार मोजायची चौकट होती. त्यांना मी काय सांगू, बसा आणि माझ्याबरोबर बघा? निदान हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की, तुम्ही याल तेव्हा उन्हात उभं राहायला लागू नये. शेवगा लवकर वाढतो असं तुम्हीच शिकवलं होतं. वर्ष संपेपर्यंत डोक्यावर येईल असा हिशेब केला, आणि तो बरोबर आला. पाणी अडवणं इतकं सोपं असतं हे कळल्यावर माणसाचा स्वतःवरचा विश्वास उगाच वाढतो.

चर बुजवा म्हणालात तर मी एकटा बुजवीन. मेळाव्याला बोलावणार नाही.

पण आता माझंही एक निरीक्षण ऐका. परवा बियाण्यांच्या बैठकीत गजालाबाईंनी मला बाजूला घेतलं. “सर, तनुजा आपा कहाँ गायब है? नांदेडकू बी नै आई, धाराशिवकू बी नै. एप्रिलनंतर किसीने देखाच नै उनको.” मी म्हटलं, त्या फिरतीवर असतात. त्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघत राहिल्या त्या नजरेनं मी नापास होणाऱ्या मुलाकडं बघतो.

तुम्ही कुठंच गेला नाहीत. आठ महिने मी नकाशावर तुमच्या मागं हिंडतो आहे आणि तुम्ही घरातच आहात. मी चर लपवला. तुम्ही काय लपवलंत? आजारी आहात का? एवढंच सांगा. लग्नाचं राहू द्या.

अभय

⁂

गंगाखेडजवळ
१४ जानेवारी २०२५

सर,

मी आजारी नाही. चर बुजवू नका, झाडं मरतील.

सांगते. एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नका.

मेळाव्याहून परतले त्या दिवशी सासूबाई ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. मी पायरीवर चप्पल काढत होते, तेवढ्यात त्यांना खोकला आला. जरा लांबला. तुम्हाला मी वर्षाची मुदत देऊन आले होते. एका वर्षात काय बदलणार होतं? तुम्ही तेच, मी तीच, वावर तेच. बदलणारी गोष्ट एकच होती. तो खोकला ऐकताना मला कळलं की मी वर्ष कशासाठी मागितलंय.

नियम वगैरे काही नव्हतं, सर. या बाईला माझ्याशिवाय कुणी नाही. लेक गेला, दिसतं कमी, कंबरेतून वाकल्या आहेत. बारा वर्षांत मला कधी उणं बोलल्या नाहीत. त्या असेपर्यंत मी इथून हलू शकत नाही, आणि माझ्या मनानं मला न विचारता त्या नसण्याचा दिवस धरून टाकला होता.

त्या दिवसापासून मी गाव सोडलं नाही. एकाही मेळाव्याला गेले नाही. अडुळशाचा काढा दिला, सकाळी उन्हात बसवलं, खोकला गेला. गेला त्या दिवशी मला आनंद झाला, आणि लगेच तुमची आठवण आली. हे दोन्ही एकाच वेळी होतं, ते मला सहन होत नाही.

म्हणून आपण हे इथं थांबवू. तुम्ही वाट बघत राहिलात तर कशाची बघताय ते आता तुम्हालाही माहीत असेल. त्या समोर बसून माझ्या हातची भाकरी खातात. मला त्यांच्या तोंडाकडं बघता आलं पाहिजे.

करमाडला मी खूप येते. मनानं. पोस्टमनची सायकल वाजली की माझ्या हातातलं काम सुटतं. एवढं तुम्हाला माहीत असू द्या. पत्र लिहू नका.

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही.

तनुजा

⁂

पडेगाव
९ फेब्रुवारी २०२५

तनुजा,

(‘बाई’ गळून पडलं आहे. परत लावायचं असेल तर तुम्ही लावा.)

पत्र लिहू नका म्हणालात. लिहीत नाही. सोबतचं पत्र तुम्हाला नाही, तुमच्या सासूबाईंना, साळूबाईंना आहे. त्यांना कमी दिसतं, तेव्हा वाचून तुम्हालाच दाखवावं लागेल. मोठ्यानं वाचा. स्वतःबद्दल बरं लिहिलेलं गाळायची तुम्हाला खोड आहे, ते गाळू नका.

अभय

साळूबाई यांस,

साष्टांग नमस्कार. मी अभय कस्तुरे, संभाजीनगरला कॉलेजात शिकवतो. तुमच्या सूनबाईंनी आम्हा शे-दोनशे माणसांना जमिनीकडं बघायला शिकवलं. त्यांतल्या काहींना नीट आलं. मला फारसं नाही.

मला त्यांच्याशी लग्न करायचं आहे. त्यांनी नाही म्हटलेलं आहे. माझ्यात खोट आहे म्हणून नव्हे, असं मी धरून चालतो. खोट काय ती मला माहीत आहे, मी आल्यावर तुम्ही बघालच. त्या नाही म्हणतात कारण त्यांना तुम्हाला सोडून यायचं नाही. मी गेले महिनाभर यावर विचार केला आणि मला एवढंच सुचलं की मी उलट्या बाजूनं विचारत होतो. करमाडला या, करमाडला या, असं वर्षभर म्हणत राहिलो. मी येऊ का, असं एकदाही विचारलं नाही. इतकं शिकून ही अवस्था.

तर ते विचारतो. निवृत्तीला अजून पाच वर्षं आहेत. तोवर शनिवारी गाडीनं येईन, रविवारी परत जाईन. सुट्ट्या सगळ्या तिकडं. नंतर कायमचा. पाहुणा म्हणून येणार नाही, तुमच्या शेतात सांगाल ते काम करीन. हाताला सवय नाही, पण पाठ धड आहे. करमाडचं वावर गजालाबाई आणि शिवराज यांच्या हवाली केलं. जड गेलं, खोटं सांगत नाही. काकासाहेबांना सांगायला गेलो तर म्हणाले, “आत्ता कुठं वावर वावरासारखं दिसाया लागलं, तर निघाले मास्तर!” आणि माझी खुर्ची मागून घेतली. आता ते बसतात.

दुसरी विनंती. तुमची सून मेळाव्याला येत नाही, म्हणून मेळाव्यानं तिच्याकडं यावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. शेत तुमचं आहे. तुम्ही हो म्हणालात तर पुढचा मेळावा तुमच्याकडं. तुम्ही नाही म्हणालात तर दोन्ही गोष्टींना नाही समजून मी गप्प बसेन, आणि तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य मिळो ही प्रार्थना तरीही करीन. ही शेवटची ओळ विशेष मोठ्यानं वाचावी.

आपला,
अभय कस्तुरे

⁂

गंगाखेडजवळ
२३ फेब्रुवारी २०२५

मास्तर, रामराम.

मी साळूबाई सांगती आन् ही लिहिती. तुमचं पत्र हिनं वाचलं. मधी दोनदा पानी प्यायला उठली. मी म्हणलं, घागर संपंल, पत्र संपव.

पहिलं ह्ये, की मला समदं ठावं हाय. डोळ्यांला कमी दिसतंय, कानाला नाय. पोस्टमन येतोय तवा हिचं लाटणं थांबतंय. महिनाभर झाला पोस्टमन आला नाय, तर हिनं मला तीनदा आळणी भाजी घातली. मी आपलं मीठ मागून घेतलं.

ही माझ्या खोकल्याला भ्याली व्हती, त्ये पत्र वाचून झाल्यावर हिनंच सांगितलं. मला वाटलं माया करती म्हणून काढा पाजती. त्येबी असंल. पर सांगून ठेवते, माझी माय नव्वद वर्सांची होऊन गेली, तीबी साप चावला म्हणून. नायतर आजूक बसली असती. तवा माझ्या भरवशावर कुनी कायबी ठरवू नका. मी लई दिस हाय.

(इथं मी लिहायची थांबले तर म्हणाल्या, “लिही की. काय वंगाळ सांगितलं मी?”)

लोक बोलतील म्हणून ही भेती. बोलू द्या. गावात माझ्याहून म्हातारं कुनी उरलं नाय, मला कोन काय बोलतंय?

आता खरं सांगते. हिला घेऊन जा, असं मी म्हणनार नाय. म्हणायला पायजे, लोक म्हणतेत तसं. पर मला ती लागती. सकाळी उठून हाक मारली आन् ओ आली नाय तर मी काय करू? तवा तुम्ही इकडं येता म्हणता त्ये माझ्या सोयीचं हाय. तुमच्या सोयीचं हाय का नाय, त्ये तुमचं तुम्ही बघा.

मेळाव्याचं म्हणाल तर या. पर माझ्या वावरात ज्वारी काढायला आली हाय. तुमची मानसं शिकायला येतेत का कामाला? कामाला येत असतील तर इळे आपापले आना. भाषन कणसं मोडून झाल्यावर. जेवायला मी घालते, हिरीपाशी कुनी काय खांदायचं नाय.

अजून एक. ही तुम्हाला सर म्हणती. त्ये बंद करा. घरात सर कुनी नसतंय.

झालं. खाली अंगठा देते.

*

वरचं सगळं त्यांचं आहे. मी एक अक्षर बदललं नाही, त्यांनी बदलू दिलं नाही. आता त्या ओट्यावर ज्वारीच्या कणसांतले दाणे दातानं फोडून बघत बसल्या आहेत आणि दर थोड्या वेळानं विचारतात, पत्र बंद केलंस का.

वर्षभर तुम्हाला निरीक्षणं मागितली, आज माझी देते: चहा उतू गेला, ऊन चांगलं आहे, घरात साखर कमी आहे.

शनिवारी या. परळीची गाडी गंगाखेडला कधीच वेळेवर येत नाही. मी मात्र वेळेवर येऊन बसणार आहे.

तनुजा